मधल्या वर्षांचं काय लिहायचं?

धंदा बंद करून नोकरी शोधणाऱ्यांचे बायोडेटा माझ्याकडे वरचेवर येतात. पिंपरी-चिंचवडमध्ये राहायचं म्हणजे हे ओघानं आलंच. भोसरीत गाळा भाड्यानं घ्यायचा, कर्ज काढून व्हीएमसी मशीन बसवायची, मोठ्या कंपनीच्या सप्लायरकडून जॉबवर्क आणायचं, हे इथल्या कितीतरी डिप्लोमावाल्या मुलांनी केलं. त्यातल्या काहींचं शटर कायमचं खाली आलं. त्यांच्या बायोडेटात आधीची नोकरी तपशिलानं लिहिलेली असते आणि पुढे एकच ओळ : 'स्वतःचा व्यवसाय, सध्या बंद.'

ती ओळ वाचून मला वाईट वाटतं. कारण त्या वर्षांत या माणसानं ड्रॉइंग बघून सायकल टाइम काढलाय, त्यावरून रेट दिलाय आणि पर्चेसवाल्यानं तो घासून खाली आणल्यावर काम परवडेल की नाही, हे उभ्याउभ्या ठरवलंय. रात्रपाळीचा ऑपरेटर आला नाही तेव्हा तो स्वतः मशीनवर उभा राहिलाय. माल रिजेक्ट होऊन डेबिट नोट आली, तेव्हा चूक मटेरियलची, टूलची की सेटिंगची हे शोधून काढलंय, कारण पैसे त्याच्याच खिशातून जाणार होते. व्हेंडर डेव्हलपमेंटला किंवा कॉस्टिंगला यापेक्षा योग्य माणूस मला तरी सुचत नाही. हे सगळं बायोडेटात आलं पाहिजे : मशीन कोणती, पार्ट कोणते, हाताखाली माणसं किती, महिन्याची उलाढाल किती.

आणि गाळा बंद पडला म्हणजे काम येत नव्हतं, असं कुणी समजू नये. पुष्कळदा काम हातात असताना पैसा संपतो. 2006च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. पण व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार? म्हणून तो गप्प राहतो, तीन-तीन महिने थांबतो. मशीनचा हप्ता थांबत नाही. बिल फाडलं की जीएसटी भरायचा, मग पैसे येवोत न येवोत. आर्थिक वर्ष 2023-24पासून मुदतीत न दिलेलं बिल, ते चुकतं होईपर्यंत, देणाऱ्याला प्राप्तिकरासाठी खर्चात धरता येत नाही. हा बदल चांगलाच आहे. तोवर अनेकांचे गाळे रिकामे झाले होते.

कालपर्यंत सगळे 'शेठ' म्हणत होते, आणि आता लग्नकार्यात काका 'तरी मी सांगत होतो' म्हणून ऐकवतात. अशा वेळी कागदपत्रांकडे बघायची कुणाची इच्छा होत नाही, तरी दोन कामं आधी उरकावीत. जीएसटी नोंदणी रद्द करून घ्यावी आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावं. दुसरं, पीएफ. पुष्कळांनी पीएफ काढून मशीनचं डाऊन पेमेंट केलेलं असतं. पण पेन्शनचा भाग काढला नसेल किंवा स्कीम सर्टिफिकेट घेतलं असेल, तर जुन्या नोकरीची वर्षं नव्या नोकरीत जोडली जातात. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि चाळिशी ओलांडलेल्याला ही जुनी सहा-सात वर्षं फार मोलाची आहेत.

आता नोकरी देणाऱ्यांशी थोडं बोलायचंय. 'मालक होतात, आता कुणाच्या हाताखाली जमेल का?' हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. छोट्या वर्कशॉपचा मालक रोज कुणा ना कुणाच्या हाताखालीच असतो. गिऱ्हाइकाच्या क्वालिटी विभागातला नवखा मुलगासुद्धा त्याचा माल परत पाठवू शकतो, आणि तो निमूटपणे नवा माल करून देतो. 'पुन्हा धंदा काढून निघून गेलात तर?' ही शंका मात्र रास्त आहे. ती मोकळेपणानं विचारा, उमेदवारानंही कर्जाचे किती हप्ते उरलेत ते लपवू नये. पण त्याची खरी पारख करायची असेल, तर शेवटचे सहा महिने त्यानं कसे काढले ते विचारा. बिल अडकलेलं असताना कामगारांचा पगार कुठून दिला, कुणाची देणी आधी फेडली, आणि शेवटचा माल वेळेवर गेला का?