बंद दाराची किल्ली

अमेरिकेतील मेकॅनिकल कंत्राटदारांच्या प्रादेशिक संघांचे कामकाज वरवर पाहणाऱ्यास अत्यंत निरुपद्रवी वाटेल. वार्षिक मेजवानी, गोल्फचे सामने, अपघात टाळण्याचे वर्ग, होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, नव्या पदाधिकाऱ्यांच्या निवडी, अशा वृत्तांनी त्यांची पत्रके भरलेली असतात. मेकॅनिकल कंत्राटदार म्हणजे इमारतीतील वाफेचे व पाण्याचे नळ, तापयंत्रणा, वातानुकूलन यांची कामे अंगावर घेणारा. या धंद्यातील मालकांची राष्ट्रीय संघटना १८८९ साली स्थापन झाली. प्लंबर व पाइप-फिटर कामगारांची राष्ट्रीय युनियनही त्याच वर्षीची. तेव्हापासून ही दोन भावंडे मजुरीच्या दरावरून भांडत आली आहेत. परंतु ज्या घरात हे भांडण चालते त्या घराच्या दाराला कुलूप कोणी लावले, असा प्रश्न निघाला की दोघांचीही बोटे एकमेकांकडे वळतात. या कुलपाची हकीकत कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. कारण तीत अपराधी एकटा मालक नाही.

बांधकामाचा धंदा गिरणीसारखा नसतो. गिरणी कामगार वर्षानुवर्षे एकाच फाटकातून आत जातो. नळजोडणी करणारा फिटर आज एका इस्पितळाच्या इमारतीत असतो, तर तीन महिन्यांनी दुसऱ्याच कंत्राटदाराकडे एखाद्या रसायन कारखान्यात. मधले दिवस बेकारीचे. अशा धंद्यात एकट्या कामगाराची अवस्था आपल्याकडील नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरासारखी होते : मुकादमाचे बोट ज्याच्याकडे वळेल तो कामावर, बाकीचे घरी. तेथील युनियनांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘हायरिंग हॉल’. कंत्राटदाराला माणसे लागली की त्याने हॉलला कळवायचे आणि हॉलने आपल्या यादीवरची माणसे पाठवायची. मालकांच्या बाजूने करार करतो तो प्रादेशिक संघ, म्हणजे त्या भागातील सर्व सभासद कंत्राटदारांना एकच दर बांधला जातो. कामाच्या प्रत्येक तासामागे कंत्राटदार ठरलेली रक्कम निवृत्तिवेतन व आरोग्य निधीत भरतो. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याप्रमाणे या निधीच्या विश्वस्त मंडळात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावे लागतात. मालक बदलला तरी फिटरचे निवृत्तिवेतन बुडत नाही. शिकाऊ उमेदवारांची निवड व शिक्षणही अशाच संयुक्त समितीकडे असते. उमेदवारी पाच वर्षांची, आणि शिकतानाही पगार चालू.

ठेकेदारीने पोखरलेल्या भारतीय बांधकाम धंद्यातील कामगाराला हे सारे स्वप्नवत् वाटेल. ते कोणी दान म्हणून दिलेले नाही. कामगारांनी ते झगडून मिळवले आहे, आणि पुढील टीका वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये.

मात्र या सुरक्षित घरात प्रवेश कोणाला होता? १९६९ साली अमेरिकेच्या मजूर खात्याने फिलाडेल्फिया शहर व आसपासच्या पाच परगण्यांची पाहणी केली. एकंदर बांधकाम धंद्यात कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य कामगारांचे प्रमाण ३० टक्के होते. प्लंबर व पाइप-फिटर, वाफेच्या नळांचे फिटर, पत्राकाम करणारे, वीजकामगार, लोखंडकाम करणारे आणि लिफ्ट बसवणारे, या सहा कसबी धंद्यांत मात्र ते सुमारे १ टक्का निघाले. म्हणजे खोदाई, ओझी आणि चिखल यांसाठी काळी माणसे चालत होती. पाना आणि नकाशा हाती येण्याची वेळ आली की ती चालेनाशी होत. ज्या कामांत मजुरी अधिक आणि म्हातारपणाची सोय पक्की, नेमकी त्याच कामांची दारे बंद होती.

केंद्र सरकारच्या कंत्राटदारांनी वर्णभेद करू नये, एवढेच नव्हे तर तो दूर करण्यासाठी पावले टाकावीत, असा आदेश अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये काढला होता. त्याचा क्रमांक ११२४६. त्याच्या आधारे १९६७ साली फिलाडेल्फियासाठी एक योजना आखली गेली. परंतु निविदा भरण्यापूर्वी अटी स्पष्ट नसतात, या कारणावरून सरकारच्याच महालेखापालांनी ती १९६८ मध्ये मोडीत काढली. पुढल्या वर्षी निक्सन सरकारातील साहाय्यक मजूर मंत्री आर्थर फ्लेचर यांनी तीच योजना नव्या रूपात आणली. फ्लेचर स्वतः कृष्णवर्णीय होते. आता प्रत्येक धंद्यासाठी टक्केवारीची उद्दिष्टे ठरवण्यात आली. प्लंबर व पाइप-फिटरांसाठी १९७० साली ५ ते ८ टक्के, आणि तेथून चढत १९७३ साली २० ते २४ टक्के. सरकारी पैशाचे मोठे काम हवे असेल तर निविदेबरोबरच ही उद्दिष्टे कबूल करायची. ती गाठता आली नाहीत, पण प्रामाणिक प्रयत्न केल्याचे दाखवता आले, तर कंत्राटदारावर बालंट येणार नव्हते.

या सौम्य योजनेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली ती पूर्व पेनसिल्व्हेनियाच्या कंत्राटदार संघाने. ऐंशीहून अधिक सभासद आणि वर्षाला १५ कोटी डॉलरहून अधिक रकमेची सरकारी व सरकारी मदतीची कामे, असा या संघाचा व्याप होता. निमित्त झाले मार्श क्रीक या ओढ्यावरील मातीच्या धरणाच्या निविदेचे. संघाचे एक म्हणणे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. माणसे आम्ही निवडत नाही, ती हायरिंग हॉलमधून येतात. भेदभाव झालाच असेल तर तो युनियनने केला, त्याची शिक्षा आम्हांस का? ज्या मालकवर्गाने युनियनच्या प्रत्येक अधिकाराला विरोध केला, त्याला संकटकाळी युनियनच्या अधिकाराचीच ढाल सापडावी, ही मौज खरी. हॉलमधूनच माणसे घेण्याच्या करारावर त्याच मालकांनी सही केलेली होती.

अपील न्यायालयाने एप्रिल १९७१ मध्ये हे म्हणणे फेटाळले. कसबी कामगारांच्या साठ्यातून एक समाजच्या समाज वगळला गेला आहे. तो इतिहासात कोणाच्या दोषाने वगळला गेला हे ठरेपर्यंत सरकारने, म्हणजे काम देणाऱ्याने, हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही, असा निकालाचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही अपील दाखल करून घेण्यास नकार दिला.

मालक हरले याचा आनंद मानण्यापूर्वी युनियनांच्या वर्तनाकडे पाहिले पाहिजे. अमेरिकन कामगार महासंघाचे प्रदीर्घ काळ अध्यक्ष राहिलेले जॉर्ज मीनी हे मूळचे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील प्लंबर. १९६४ मध्ये त्याच ब्राँक्समध्ये एका मोठ्या बाजाराच्या बांधकामावर एक कृष्णवर्णीय व तीन पोर्तो रिकन प्लंबर आले, तेव्हा युनियनचे प्लंबर काम सोडून निघून गेले. कारण सांगितले ते असे की हे चौघे युनियनचे सभासद नाहीत. ते सभासद का नाहीत, हे विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. मीनींनी आपल्या जुन्या युनियनचीच बाजू घेतली.

न्यूयॉर्कच्या पत्राकाम युनियनची कथा तर एखाद्या जातिपंचायतीची शोभावी. वातानुकूलनाचे पत्र्याचे मार्ग बनवणाऱ्यांची ही शाखा. तिच्यात तोवर एकही कृष्णवर्णीय सभासद वा उमेदवार झालेला नव्हता आणि जुन्या सभासदाने शिफारस केल्याखेरीज, म्हणजे बव्हंशी नात्यागोत्यानेच, उमेदवारी मिळत असे, असा निष्कर्ष राज्याच्या मानवी हक्क आयोगाने १९६४ मध्ये काढला. सुताराचा मुलगा सुतार आणि लोहाराचा मुलगा लोहार, हा नियम अमेरिकेत मनुस्मृतीवाचूनच अमलात आला होता. १९७५ साली न्यायालयाने २९ टक्क्यांचे उद्दिष्ट घालून दिले आणि जुलै १९८१ ही मुदत ठरवली. मुदत टळली, अवमानाबद्दल दीड लाख डॉलर दंड झाला, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या सर्वांवर शिक्कामोर्तब करावे लागले. उमेदवारांची संयुक्त समिती या खटल्यात युनियनच्या बरोबरीने दोषी ठरली होती. या समितीत निम्म्या जागा मालकांच्या असतात, हे पुन्हा सांगावयास नको.

डॉ. राममनोहर लोहिया मे १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहात शिरले आणि त्यांना पोलिसांनी तेथून हलवले, ही घटना अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. उपाहारगृहाच्या दारावरची पाटी दिसते, म्हणून तिच्याशी लढता येते. संयुक्त समितीच्या शिफारसपत्रावर कसलीच पाटी नसते. विशेष संधीचा सिद्धांत लोहियांनी मांडला तो असल्या न दिसणाऱ्या पाट्यांसाठीच. दार नुसते उघडे आहे असे जाहीर केल्याने पिढ्यान् पिढ्या बाहेर उभा असलेला मनुष्य आत येत नाही, हे फ्लेचर यांच्या टक्केवारीनेही गृहीत धरले होते.

तथापि या योजनेला विरोध करणाऱ्यांत एक नाव असे होते की ते सहजासहजी झटकून टाकता येत नाही. बेयर्ड रस्टिन : कृष्णवर्णीय, गांधीमार्गी, समाजवादी, १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे संघटक. काळा समाज आणि कामगार संघटना ही पुरोगामी राजकारणाची दोन चाके एकमेकांवर आदळावीत, हाच निक्सन यांचा डाव आहे, असे रस्टिन यांचे म्हणणे होते. त्याला आधारही भक्कम होता. टक्केवारी जाहीर झाली २३ सप्टेंबर १९६९ रोजी. त्याच महिन्याच्या ४ तारखेला निक्सन यांनी केंद्राची नवी बांधकामे ७५ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला होता. पंगतीला नवी माणसे बसवायची आणि त्याच वेळी पाने उचलायची, अशी ही तऱ्हा. फेब्रुवारी १९७१ मध्ये सरकारी कामांवर प्रचलित मजुरीची हमी देणारा १९३१ चा कायदाही त्यांनी काही आठवडे स्थगित ठेवला. युनियन आणि कृष्णवर्णीयांच्या संघटना एकमेकांशी झुंजत आणि निक्सन सरकार मध्ये समंजसपणे बसलेले, अशा चित्राचे समाधान त्यांचे सल्लागार जॉन एर्लिकमन यांनी पुढे आपल्या आठवणींत लपवलेले नाही.

रस्टिन यांचे निदान बरोबर होते. औषध अपुरे होते. उमेदवारीच्या परीक्षेसाठी काळ्या तरुणांची तयारी करून घ्यावी आणि युनियनच्या संमतीनेच त्यांना आत न्यावे, हा त्यांच्या सहकाऱ्यांचा कार्यक्रम स्तुत्य होता आणि त्यातून अनेक तरुण धंद्यात आलेही. पण संमती द्यायची की नाही हे जोवर आत बसलेला ठरवतो, तोवर त्याची गती आत बसलेल्याच्या सोयीनेच राहते. निक्सन यांना फूट पाडता आली, कारण फट आधीपासून होती. ती युनियनांनी स्वतः बुजवली असती तर फ्लेचर यांच्या योजनेची गरजच उरली नसती. आणि कामे कमी झाल्याबद्दल लढायचे, तर त्या लढ्यात उतरण्यासाठी बाहेरच्या माणसाला आधी सभासद करून घ्यावे लागते.

मालकांच्या ढालीचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. त्याच फिलाडेल्फियात क्रेन व बुलडोझर चालवणाऱ्या कामगारांच्या युनियनचा १९६१ पासून कंत्राटदार संघांशी करार होता : माणसे फक्त हॉलमधूनच घ्यायची. वर्णभेदाविरुद्ध १९७१ मध्ये दावा दाखल झाला. तो चालवणारे न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम हे कृष्णवर्णीय, म्हणून त्यांनी दूर व्हावे असा अर्ज प्रतिवादींनी केला. गोऱ्या न्यायाधीशाकडून निःपक्षपाताची अपेक्षा करता येते, काळ्याकडून नाही, असा या अर्जाचा सरळ अर्थ होता. हिगिनबॉथम दूर झाले नाहीत. युनियनने जाणूनबुजून भेदभाव केला असा निर्णय देऊन त्यांनी कंत्राटदार संघांनाही जबाबदार धरले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाचा हा दुसरा भाग फिरवला. मालकांचा स्वतःचा हेतू सिद्ध झालेला नाही, सबब हॉलच्या कृत्यांचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. थर्गुड मार्शल आणि ब्रेनन हे दोनच न्यायमूर्ती विरोधात गेले. १९७१ मध्ये जी ढाल चालली नाही ती अकरा वर्षांनी चालली. सरकार काम देताना अटी घालते तेव्हा हेतूचा पुरावा लागत नाही. अन्याय झालेला कामगार स्वतः दाद मागतो तेव्हा तो लागतो.

म्हणूनच आदेश ११२४६ चे महत्त्व होते. उद्दिष्टे बव्हंशी कागदावर राहिली, फळ माफक आले, हे कबूल करूनही गरीब दावेदाराच्या खांद्यावरचे ओझे त्या आदेशाने सरकारी निविदेवर टाकले होते. २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी तो रद्द केला. त्यांच्या नव्या आदेशाने सरकारी कंत्राटदाराकडून उलटेच प्रमाणपत्र मागितले आहे : विविधता व समावेशाच्या नावाने कायद्यात न बसणारा कोणताही कार्यक्रम आपण चालवत नाही, असे त्याने लिहून द्यायचे. १९६४ चा नागरी हक्क कायदा शिल्लक आहे. पण त्याखाली पुन्हा ज्याचे दुखते त्यानेच न्यायालयाची पायरी चढायची.

कंत्राटदार संघांना या बदलाने फारसे काही गमवावे लागलेले नाही. प्रश्न आहे तो युनियनांपुढे. उमेदवारीसाठी किती अर्ज आले, कोणास घेतले, कोणास नाकारले, हॉलच्या यादीत कोणाचा क्रमांक कितवा, हे सर्व दर वर्षी जाहीर करण्यास त्यांना कोणाचाही आदेश आड येत नाही. संयुक्त समितीतील निम्म्या जागा त्यांच्याच हाती आहेत, आणि तेवढ्या बळावर मालकांना टेबलाशी बसवून ही अट पुढल्या करारात घालून घेता येते.