एसएसडी महागली: सिस्टिम कुठे, फोटो कुठे आणि रेडचा नेमका उपयोग काय?

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की ‘क्रुशल’ नावाने दुकानात मिळणारी तिची रॅम आणि एसएसडी आता बंद होणार. फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत माल पाठवायचा आणि मग थांबायचं. २९ वर्षं चाललेला ब्रँड बंद का? कंपनीने कारण सरळ सांगितलं. एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरीला प्रचंड मागणी आहे आणि माल आधी त्या मोठ्या ग्राहकांना द्यायचा आहे.

‘मी तर सगळं फोनवरच करतो, मला काय त्याचं?’ असं तुम्हाला वाटू शकतं. पण फोनमधलं १२८ किंवा २५६ जीबी स्टोरेज आणि पीसीतली एसएसडी यांच्या आत एकच गोष्ट असते, ती म्हणजे नँड फ्लॅश चिप. ती बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. डेटा सेंटरने चिप उचलल्या की फोन आणि पीसी दोघांच्याही वाट्याला कमी येतात.

दुसरीकडे आपला डेटा काही थांबत नाही. आयफोनवर कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्येही फोरके व्हिडिओला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. म्हणजे गुगलची फुकट १५ जीबी जागा दीड तासाच्या शूटिंगमध्ये भरते. मग एक दिवस फोन ‘स्टोरेज फुल’ म्हणतो आणि सगळं घरच्या पीसीवर ओतलं जातं. तिथे ते नीट राहील ना, हा खरा प्रश्न आहे.

दोन कामं, दोन वेगळ्या डिस्क

२०२३ मध्ये एसएसडी बऱ्याच स्वस्त झाल्या होत्या. तेव्हा ‘एकच मोठी एसएसडी घ्या’ हा सल्ला चालून जायचा. आता जुनी पद्धत पुन्हा परवडू लागली आहे: विंडोज आणि ॲप्ससाठी एक छोटी एसएसडी, आणि फोटो-व्हिडिओसाठी मोठ्या हार्ड डिस्क. डेटा सेंटरमुळे हार्ड डिस्कलाही मागणी वाढली आहे, पण दर टेराबाइटमागे ती अजूनही एसएसडीपेक्षा स्वस्त पडते.

ही विभागणी फक्त पैशाची नाही. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावरून एक सुई पुढेमागे सरकते. पीसी सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वेगवेगळ्या जागांवरून वाचाव्या लागतात. सुईला प्रत्येक जागी पोहोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर जागा. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तीच कामं सेकंदाला हजारोंच्या संख्येने होतात. म्हणून दोन-तीन हार्ड डिस्क एकत्र जोडून त्यावर विंडोज टाकलं, तरी एका साध्या एसएसडीची चपळाई येत नाही. उलट दोन तासांचा व्हिडिओ सलग वाचायचा असेल, तर हार्ड डिस्क मस्त चालते.

रेड म्हणजे काय?

अनेक डिस्क जोडून त्यांना एका डिस्कसारखं वापरायचं, याला रेड म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही कल्पना शोधनिबंधात मांडली. एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, हा त्यांचा मुद्दा होता. आजची परिस्थितीही तीच आहे!

समजा तुमच्याकडे ४ टीबीच्या डिस्क आहेत.

रेड ० मध्ये दोन डिस्कवर फाइलचे तुकडे वाटून ठेवतात. जागा पूर्ण ८ टीबी मिळते, वेगही वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं.

रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकसारखी प्रत असते. जागा ४ टीबीच मिळते, पण एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहतं.

रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि जागा ८ टीबी मिळते. इथे थोडं गणित आहे. एका डिस्कवर ५, दुसरीवर ३ आणि तिसरीवर त्यांची बेरीज ८ लिहिली आहे असं धरा. ५ वाली डिस्क गेली, तर ८ मधून ३ वजा करून ५ परत मिळतात. खरं गणित थोडं वेगळं असतं, पण तत्त्व हेच.

पण ही दुरुस्ती क्षणात होत नाही. ४ टीबीची नवी डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायची म्हटली, तरी सात तासांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर रेड ५ काहीच करू शकत नाही.

जोडताना क्रम चुकवू नका

१. विंडोज टाकताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवा, हार्ड डिस्कच्या केबल काढून ठेवा. नाहीतर कधी कधी पीसी सुरू करणाऱ्या फाइल्सचा छोटा भाग हार्ड डिस्कवर जाऊन बसतो. मग पुढे ती डिस्क काढली की एसएसडी चांगली असूनही पीसी सुरू होत नाही.

२. बायोसमध्ये साटा मोड ‘एएचसीआय’ ठेवायचा की ‘रेड’, हे विंडोज टाकण्याआधीच ठरवा. नंतर सहज म्हणून बदललात, तर निळा स्क्रीन येऊ शकतो.

३. घरच्या वापरासाठी विंडोजमधलं ‘स्टोरेज स्पेसेस’ किंवा लिनक्समधलं ‘एमडीएडीएम’ पुरेसं आहे. मदरबोर्डवरचं रेड त्या बोर्डाच्या चिपसेटशी बांधलेलं असतं. बोर्ड जळाला, तर तसाच बोर्ड शोधत फिरावं लागू शकतं. सॉफ्टवेअरने केलेलं रेड त्याच सिस्टिमच्या दुसऱ्या पीसीला जोडून उघडता येतं.

४. स्टोरेज स्पेसेस बनवताना त्यात घातलेल्या डिस्क पूर्ण पुसल्या जातात. आधीचे फोटो दुसरीकडे कॉपी केल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

५. शेवटी पिक्चर्स आणि व्हिडिओज या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्यांचं लोकेशन नव्या ड्राइव्हवर हलवा. नाहीतर सगळं पुन्हा छोट्या एसएसडीवरच साठत राहील.

पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ‘दोन प्रती आहेत, आता टेन्शन नाही,’ असं लोक म्हणतात. पण चुकून एखादा फोल्डर डिलीट केला, तर रेड १ तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी काढून टाकतं. रॅन्समवेअर आलं, तर दोन्ही प्रती लॉक होतात. पीसी चोरीला गेला, तर दोन्ही डिस्क एकाच पिशवीतून जातात. रेड फक्त एका संकटापासून वाचवतं, ते म्हणजे डिस्क बंद पडणं.

ही चूक फक्त घरात होते असं नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल्स ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही क्लाउड सेवा त्यात जळाली आणि ८५८ टीबी डेटा गेला. एवढ्या मोठ्या डेटाचा बॅकअप बाहेर कुठेच ठेवलेला नव्हता. डिस्क कितीही असोत, सगळ्या एकाच इमारतीत असतील, तर आगीला सगळ्या सारख्याच.

मग पैसे कुठे घालायचे?

तुमच्याकडे एक छोटी एसएसडी आणि दोनच हार्ड डिस्क घेण्याइतके पैसे असतील, तर रेड करू नका. एक डिस्क पीसीत लावा. दुसरी बाहेरच्या केसमध्ये घाला, आठवड्यातून एकदा जोडून कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. काढलेल्या डिस्कपर्यंत ना व्हायरस पोहोचतो, ना आपलं चुकलेलं बोट. सगळ्यात महत्त्वाच्या फोटोंची एक प्रत क्लाउडवर किंवा गावाकडच्या घरी ठेवली की झालं.

रेड कुणासाठी? ज्याचं काम एक दिवसही थांबून चालत नाही त्याच्यासाठी. लग्नसराईत रोज नवं शूटिंग एडिट करणाऱ्याची डिस्क मध्येच गेली, तर त्याला रेड तारून नेतं. अर्थात बॅकअपची वेगळी डिस्क त्यालाही लागतेच.

एसएसडीचे भाव आपल्या हातात नाहीत, पण हा क्रम आहे. पैसे मर्यादित असतील, तर आधी छोटी एसएसडी, मग डेटाची डिस्क, मग बॅकअपची डिस्क आणि त्यानंतर काही उरलं तर रेड. ‘घरात नवा पीसी जुळवायचाय’ म्हणणारं कुणी असेल, तर दुकानात जाण्याआधी त्याला हा क्रम नक्की सांगा.