छायाचित्रापलीकडचा रणगाडा

अहिल्यानगरला येणारा प्रवासी बहुधा शिर्डी वा शनिशिंगणापूरच्या वाटेवर असतो. देवदर्शन आटोपून त्यातील काहींची पावले शहरालगतच्या रणगाडा संग्रहालयाकडे वळतात. लष्कराच्या चिलखती दल प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात सुमारे पन्नास रणगाडे व चिलखती वाहने मांडलेली आहेत. मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन अशी महायुद्धकालीन वा त्यानंतरची नामांकित यंत्रे तेथे आहेत आणि आवडीच्या कारखान्यात घडलेला आपला 'विजयंता'ही आहे. मुलांना तोफेच्या नळीखाली उभे केले जाते, छायाचित्रे निघतात आणि अर्ध्या तासात कुटुंब पुढच्या मुक्कामाला निघते.

छायाचित्र काढण्यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो मूल घरी काय घेऊन जाते, हा. तेथे उभा असलेला अमेरिकी बनावटीचा पॅटन हे केवळ लोखंडाचे धूड नव्हे. त्याच्या बळावर पाकिस्तानने १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरणमार्गे पंजाबात मुसंडी मारली. त्यापुढे उभ्या राहिलेल्या डेक्कन हॉर्सकडे होते जुने शर्मन रणगाडे, आणि तिचे नेतृत्व करीत होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. पाण्याने भरलेली शेते, उभ्या उसाचा आडोसा आणि जवानांचा अचूक नेम यांनी असल उत्तर येथे पॅटनचा गर्व धुळीस मिळविला. जीपवरील तोफेने पॅटन टिपणारे हवालदार अब्दुल हमीद याच रणभूमीवर धारातीर्थी पडले. शत्रूने नव्वदहून अधिक रणगाडे गमावले. युद्ध यंत्रे लढत नाहीत, माणसे लढतात, हा धडा तेथे जगाला मिळाला.

त्याच युद्धात पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी जखमी अवस्थेतही रणांगण सोडले नाही. त्याच रेजिमेंटचे एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पेटत्या रणगाड्यातून लढत राहिले. या दोघांना आणि अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र लाभले. दोनदा महावीर चक्राचे मानकरी ठरलेले वैद्य पुढे सेनाप्रमुख झाले आणि १९८६ मध्ये पुण्यात दहशतवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले. महाराष्ट्रातील किती शाळकरी मुलांना ही नावे ठाऊक आहेत?

शस्त्रपूजनाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला हे विस्मरण शोभत नाही. विजयादशमीला शस्त्राला फूल वाहायचे आणि ते शस्त्र पेलणाऱ्याचे नाव विसरायचे, ही पूजा अपुरी आहे. शाळांनी सहली जरूर न्याव्यात. पण निघण्यापूर्वी एक तास असल उत्तरच्या नकाशासाठी द्यावा. पालकांनीही छायाचित्र काढण्याआधी मुलाला त्या रणगाड्याची कथा सांगावी. मग घरी येणाऱ्या छायाचित्रात केवळ मूल आणि तोफ उरणार नाही. एका राष्ट्राची स्मृती त्यात उमटलेली असेल.