काडेपेटीतला पोकेमॉन

पॅरिससारख्या शहरात घडणारा पोकेमॉनचा गेम दिवाळीच्या सुट्टीत आर्णीच्या वावरात पोचला, आणि खेळ भलताच रंगला!

दिवाळीला घरी जाताना बॅगेत काय काय असतं? आईची साडी, दादाचा शर्ट, वहिनीने फोनवर सांगितलेलं आणि आपण तिसऱ्यांदा बदलून आणलेलं काहीतरी. शिवाय लॅपटॉपचा चार्जर, कारण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीसुद्धा एडिटरचा मेल येऊ शकतो. २०२५ च्या दिवाळीत माझ्या बॅगेत आणखी एक चीज होती. निन्टेन्डो स्विच, आणि त्यात १६ ऑक्टोबरला, म्हणजे निघण्याच्या दोनच दिवस आधी आलेला ‘पोकेमॉन लेजेंड्स: झेड-ए’.

तुम्ही म्हणाल, तिशीला टेकलीस आणि पोकेमॉन? हसा खुशाल! पण आधी आठवून बघा. शाळेतून आल्यावर दप्तर भिरकावून कार्टून नेटवर्क लावणारे तुम्हीच ना? चिप्सची पाकिटं टाझोसाठी फोडणारे आणि चिप्स धाकट्या बहिणीला देणारेही तुम्हीच. आपल्यापैकी कित्येकांना टॅक्स स्लॅब अजून पाठ नाहीत, पण चार्मॅंडरचा चार्मेलिऑन होतो आणि त्याचा पुढे चॅरिझार्ड, हे झोपेतही सांगता येतं.

तर यवतमाळपर्यंत ट्रॅव्हल्सची स्लीपर, पुढे चाळीसेक किलोमीटर एसटी, आणि अरुणावतीच्या काठचं आमचं आर्णी. बाबा कंबलपोशांच्या दर्ग्यामुळे लोकांना माहीत असलेलं, चहूकडून कापसाने वेढलेलं तालुक्याचं गाव. दारात भाचा उभा. वय वर्षं दहा. आत्याच्या पाया पडायच्या आधी त्याने आत्याच्या बॅगेची चेन उघडली.

सगळं शहरातच

झेड-एची गंमत अशी, की हा अख्खा गेम एकाच शहरात घडतो. शहराचं नाव लुमिओज. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या गेम्समध्ये आपण ते पाहिलं होतं. पॅरिसवरून बेतलेलं, मधोमध आयफेल टॉवरचा भाऊ शोभेल असा मनोरा. त्या गोष्टीनंतर पाच वर्षांनी शहराची पुनर्बांधणी सुरू आहे. कंत्राट एका बड्या कंपनीकडे आणि घोषणा अशी, की माणसं आणि पोकेमॉन गुण्यागोविंदाने एकत्र राहतील. म्हणजे काय, तर गल्ल्यांमधले काही तुकडे चमकत्या पडद्यांनी वेगळे करून तिथे जंगली पोकेमॉन सोडलेत. हे झाले ‘वाइल्ड झोन’. गोष्ट पुढे सरकते तसे ते वाढत जातात.

खेळायला एकदम सही! आतापर्यंत मुख्य मालिकेतली मारामारी म्हणजे बुद्धिबळ होतं, तुझी खेळी, मग माझी खेळी. इथे सगळं धावतपळत आणि एकाच वेळी. रात्री ‘झेड-ए रॉयल’ नावाची स्पर्धा चालते. सुरुवात झेड रँकवर, आणि चढत चढत ए गाठायचा. अप्रेझलच्या मोसमात खेळायला याहून योग्य गेम नाही.

पहिल्या आठवड्यात जगभरात ५८ लाख प्रती खपल्या, त्यातल्या एकीवर आमच्या ओसरीत भाच्याने कब्जा केला. आई वैतागली, “दिवसभर लेकरू त्या डबड्यात डोकं घालून बसते!” तासाभराने लेकराने मान वर केली आणि एक प्रश्न टाकला.

“आत्या, यात समदं शहरच हाय का? वावर नाई? मंग किडे कुठून येतात यायच्याकडे?”

मी गप्प. कारण पोकेमॉनची सगळी कहाणीच या प्रश्नातून निघाली आहे.

माचिदाचा किडेवाला पोरगा

पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी १९६५ सालचा. तो टोकियोच्या पश्चिमेकडच्या माचिदा या भागात वाढला. तेव्हा तिथे शेतं होती, तळी होती, झाडी होती आणि याला नाद किडे पकडायचा. मित्र त्याला ‘डॉक्टर किडा’ म्हणायचे. भुंगेरे धरायला बाकीची पोरं झाडाला मध लावायची. याने वेगळीच शक्कल काढली. दिवसा भुंगेरे दगडाखाली झोपतात हे त्याने हेरलं होतं, म्हणून तो झाडाखाली दगड ठेवून यायचा आणि नंतर जाऊन उचलून बघायचा. बास!

मग शहर वाढलं. तळी बुजली, शेतांवर इमारती आल्या. ताजिरी मोठा झाला, गेम बनवू लागला. निन्टेन्डोच्या गेम बॉयला एक केबल असायची, दोन मशिन जोडणारी. ती पाहून त्याच्या डोळ्यांपुढे आलं, की या वायरीतून किडे सरपटत इकडून तिकडे जातायत. आपल्याला मिळालेली मजा शहरातल्या पोरांना निदान अशी तरी मिळावी. सहा वर्षं खपून त्याच्या ‘गेम फ्रीक’ने २७ फेब्रुवारी १९९६ ला पहिले दोन गेम जपानमध्ये आणले. तेव्हा पोकेमॉन होते १५१. झेड-एच्या आधीच त्यांची संख्या १०२५ झाली होती. आजही बहुतेक गेम्समध्ये सुरुवातीलाच गवतात एखादा किडा भेटतो, त्यामागे बुजलेली तळी आहेत.

आता आर्णीतल्या माझ्या लहानपणाकडे या. आमच्याकडे पोकेबॉल नव्हता, काडेपेटी होती. पावसाळ्यात धुऱ्यावरच्या बाभळीवर सोनपाखरं यायची. हिरवीगार, धातूसारखी चमकणारी. काडेपेटीत बाभळीचा पाला घालायचा, त्यात सोनपाखरू ठेवायचं आणि कानाशी धरून आतली खरखर ऐकायची. कुणाचं जास्त चमकतं, कुणाच्या पेटीत अंडी सापडली, यावर वर्गात भाव ठरायचा. एक्स्चेंज ऑफरही असायची, दोन साध्याला एक मोठं. मला ताजिरीचं नावही माहीत नव्हतं, पण मधल्या सुट्टीत आम्ही खेळायचो तो त्याचाच गेम.

२०१६ च्या डिसेंबरात पोकेमॉन गो भारतात आला, जिओच्या साथीने. सुट्टीत मी मोठ्या हौसेने आर्णीत तो उघडला. नकाशावर एक करडा रस्ता आणि त्यावर मी! त्या गेममधले थांबे मुळात आधीच्या एका गेमच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागांवरून आले होते. जिथे खेळाडू नाहीत तिथे थांबे नाहीत, आणि थांबे नाहीत तिथे पोकेमॉनही तुरळक. किड्यांनी गजबजलेलं गाव फोनवर ओसाड दिसत होतं. मी ॲप डिलीट केलं आणि मनात म्हटलं, गावात काही नाही.

ही चूक कळायला ही दिवाळी यावी लागली.

ल्यूर, पण वेगळी

पाडव्याच्या सकाळी सातला भाच्याने मला उठवलं. “आत्या, वावरात चाल. तुले खरे पोकेमॉन दाखवतो.”

कपाशीत काठ्यांवर प्लास्टिकचे सापळे टांगले होते, वर छत्री, खाली लांब थैली. कामगंध सापळे! आत एक छोटीशी गोळी, तिला म्हणतात ल्यूर. (पोकेमॉन गोमध्येही ल्यूर असते. ती अर्धा तास चालते, ही काही आठवडे.) या ल्यूरला गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास असतो. नर पतंग भुलून येतात आणि थैलीत अडकतात. एकरी दोन सापळे. रोज सकाळी पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त सापडले, तर समजायचं की पाणी गळ्याशी आलं, आता फवारणीचा विचार करा.

मोजायचं काम भाच्याकडे. शाळेच्या जुन्या वहीत तारीख, सापळा नंबर, आकडा. वहीवर पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘पोकेडेक्स’. त्याने मला डोमकळी ओळखायला शिकवलं. अळी आत शिरली की कपाशीचं फूल नीट उमलत नाही, गुलाबासारखं मिटून राहतं. मी सोळा वर्षं त्या गावात काढली, कापसावर शिकले, आणि मला हे माहीत नव्हतं.

“अंडं, अळी, कोष, पतंग,” तो बोटांवर मोजत म्हणाला. “कॅटरपीसारखंच. फक्त हे दहाव्या लेव्हलले नाई होत, मयन्याभरात होते.”

दादा हसला. पण ही वही त्याच्यासाठी खेळ नाही. त्यामागे २०१७ आहे.

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, अंगावर ना मास्क ना हातमोजे, आणि फवारलेलं औषध तोंडावरच येत होतं. सरकारने विशेष चौकशी पथक नेमलं, देशभर बातम्या झाल्या. आमच्या शेजारच्या वावरातले काका दहा दिवस दवाखान्यात होते. परत आले, पण एका डोळ्याला अजूनही नीट दिसत नाही. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने उरलासुरला कापूसही खाल्ला.

ती अळी का माजली, हे ऐकण्यासारखं आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या वाणात अळीला मारणारं प्रथिन असतं. काही वर्षं मामला झकास चालला. पण हजारोंत एखादी अळी त्यातून वाचायची, तिची पिल्लंही वाचायची, आणि पिढ्या जाता जाता त्या विषाला न जुमानणाऱ्याच अळ्या उरल्या. बॉस, याला म्हणतात इव्हॉल्व्ह होणं! पोकेमॉनमध्ये एकटा जीव चमकतो आणि बदलतो. खऱ्या उत्क्रांतीत कुणीच चमकत नाही, आणि शेतकऱ्याला ते कळेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते. एकदा ती आत शिरली की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

म्हणून मोजणी. “आधी दुकानदार सांगे तवा फवारायचो,” दादा म्हणाला. “आता पोट्टं सांगते तवा.” या पोट्ट्याच्या वहीमुळे किती वेळा पाठीवर पंप चढवायचा ते ठरतं. आमच्या घरात याहून महत्त्वाची नोंद कुणी ठेवत नाही, माझी एक्सेल शीट धरून.

थैलीतले मेलेले पतंग हातावर घेऊन भाच्याने विचारलं, “आत्या, पोकेबॉलमधी मरत नाई ना ते?” “नाही रे,” मी म्हटलं. तो थोडा वेळ बघत राहिला, मग वहीत लिहिलं: चार.

आणि सोनपाखरू?

परतताना मी त्याला काडेपेटीची गोष्ट सांगितली. सोनपाखरू त्याने पाहिलंच नव्हतं. दिवाळीपर्यंत त्यांचा मोसम संपतो म्हणा, पण आधीच्या पावसाळ्यातही नाही. मी धुऱ्याकडे पाहिलं. बाभळी नव्हत्या. “जेसीबी लावून साफ केला धुरा, दोन तास वाढवले,” दादा म्हणाला. कपाशीचे दोन तास जास्त, यात त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी पुण्यात जिथे राहते तिथेही आधी कुणाचं तरी वावरच होतं.

पण त्या रात्री झेड-ए खेळताना ते चमकते पडदे वेगळे दिसले. आधी सगळं शहर करायचं आणि मग जनावरांसाठी चार तुकडे राखून त्याला ‘एकत्र राहणं’ म्हणायचं. ताजिरीने बुजलेल्या तळ्यांसाठी गेम केला होता. जवळपास तीस वर्षांनी त्याच्या गेममध्ये तळ्याकाठचं गाव उरलं नाही, कुंपणातला झोन उरला. गेमची चूक नाही. तो आपल्याइतकाच खरा झालाय.

माझं म्हणणं इतकंच. गेम जरूर खेळा, मीही खेळतेय. पण पोकेमॉनची मूळ कला पकडण्याची नाही, बघण्याची आहे. ताजिरीने दगड उचलून बघितला, आमचं पोट्टं रोज सकाळी थैली उलटून बघतं. आपणही ऑफिसच्या पार्किंगमधल्या झाडाकडे एकदा मान वर करून बघूया, निदान त्याचं नाव विचारूया.

पुण्यात परत आल्यावर पाचव्या दिवशी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो आला. नऊ, सात, पाच. खाली दादाचा मेसेज: ‘फवारणी कॅन्सल.’ त्याखाली भाच्याचा: ‘आत्या, ए रँक भेटला का?’

नाही रे राजा, अजून खालच्या रँकवरच आहे. तूच पुढे आहेस.

गेमची कुंडली

नाव: पोकेमॉन लेजेंड्स: झेड-ए
जन्म: १६ ऑक्टोबर २०२५
बनवणारे: गेम फ्रीक
कशावर: निन्टेन्डो स्विच आणि स्विच २. आपल्याकडे मशिन बहुतेक बाहेरून आणलेलंच विकतात, तेव्हा आधी खिसा चाचपा.
भाषा: इंग्रजीवर भागवा. हिंदी-मराठी नाही.
आवडलं: धावती लढाई, रात्रीची रॉयल, छतांवरून उड्या.
खटकलं: इमारतींच्या खिडक्या भिंतीवर वॉलपेपर चिकटवल्यासारख्या. आणि वावर नाही!