जननदर घटला, मातृत्वाचे वय वाढले काय?

स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी संख्या घटली, की लोकसंख्येचा प्रश्न सुटला, अशी समजूत आपल्याकडे दृढ झाली आहे. बांगलादेशाचा अनुभव ही समजूत तपासावयास लावतो. १९७५ च्या सुमारास तेथे एका स्त्रीस सरासरी सहांहून अधिक मुले होत. २०१७-१८ च्या पाहणीत हे प्रमाण २.३ वर आले होते. हे यश निःसंशय मोठे आहे. तथापि त्याच पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी २८ टक्के मुली माता झालेल्या वा गर्भवती आढळल्या. कुटुंबनियोजनाची साधने घरोघर पोचली, परंतु बहुधा पहिल्या मुलानंतर. लग्नाचे वय मात्र फारसे पुढे सरकले नाही.

कोवळ्या वयातील बाळंतपणात मातेच्या जिवाला धोका अधिक असतो आणि मूल कमी वजनाचे निपजण्याचा संभवही वाढतो. आर्थिक हानी तर आयुष्यभर पुरते. शाळा सुटते ती बहुधा कायमची. कौशल्याअभावी मजुरी खालच्या दरानेच मिळते. शिवाय मुलांची संख्या तीच राहिली, तरी दोन पिढ्यांतील अंतर आखूड झाल्याने लोकसंख्या अधिक वेगाने वाढते.

शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले घर पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ इतका खाली होता. परंतु २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झाले होते. वस्तुतः मुलीच्या विवाहाचे किमान वय १९७८ सालीच अठरावर नेण्यात आले. २००६ साली नवा, अधिक कडक कायदाही झाला. मग मराठवाड्यातील ऊसतोड मजूर मुलीचे लग्न लवकर का उरकतो? मुकादमाची उचल मिळते ती ‘कोयत्या’मागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे, आणि वयात आलेली मुलगी ऐन हंगामात गावी एकटी ठेवावयास आईबाप धजत नाहीत. त्यांच्या लेखी लग्न हीच सुरक्षितता होय.

हा हिशेब केवळ कायद्याच्या कलमाने बदलणार नाही. हंगामभर चालणारे वसतिगृह, गावाजवळ माध्यमिक शाळा आणि शिक्षणानंतर हाताला काम, एवढे मिळाले तरच तो बदलेल. जननदराच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्या शासनाने यापुढे प्रत्येक जिल्ह्याला पहिल्या बाळंतपणाचे वयही विचारले पाहिजे.