मेंदूचा स्कॅन म्हणजे गुणाची हमी नव्हे

ॲक्युपंक्चरच्या सुईने मेंदूत काही घडतं का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. पण तेवढ्यावरून उपचार सिद्ध झाला असं म्हणणं रुग्णांची दिशाभूल करणारं आहे. एफएमआरआय हा मेंदूचा स्कॅन चेतापेशींचं काम थेट मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून त्याचा अंदाज बांधतो. सुईची टोच, तिची भीती, बरं वाटेल ही अपेक्षा, या सगळ्यांनी तो फरक पडतो. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या झँग-ही चो यांच्या गटाने एका शोधनिबंधात जाहीर केलं की, पायाच्या करंगळीजवळच्या, परंपरेने डोळ्यांशी जोडलेल्या बिंदूंना उद्दीपित केलं की मेंदूतला दृष्टीचा भाग सक्रिय होतो. या निष्कर्षाचा मोठा गाजावाजा झाला. २००६ मध्ये मात्र चो आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनीच तो निबंध मागे घेतला.

म्हणून स्कॅनसोबत तुलनाही हवी. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना, तर भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के रुग्णांना गुण आला. औषधं, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. सुया घेतलेल्यांना आराम पडला हे खरं, पण बिंदू नेमका असण्याने फारसं बिघडलं-सुधारलं नाही.

यावर कोणी म्हणेल, दुखणं थांबलं ना, मग कारणाची चिकित्सा कशाला? शिवाय २००९ च्या एका पेट-स्कॅन अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर जुनाट वेदना असलेल्या रुग्णांमध्ये खऱ्या सुयांनी मेंदूतल्या, वेदना शमवण्याशी संबंधित ओपिऑइड ग्राहींमध्ये वेगळा बदल दिसला होता. हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याच अभ्यासात वेदना खऱ्या आणि खोट्या सुयांच्या दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या. म्हणजे मेंदूतला बदल वेगळा असूनही रुग्णाच्या पदरात जास्तीचं काही पडलं नाही. जुनाट दुखण्यावर कोणी समजून-उमजून सुया घेत असेल, तर त्याला अडवण्याचं कारण नाही. मात्र अशा स्कॅनच्या जोरावर दृष्टी किंवा पक्षाघात बरा करण्याची आशा विकली जाते, तेव्हा योग्य उपचाराची वेळ निघून जाण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे. पण कायदा असणं म्हणजे गुणाचा पुरावा नव्हे. म्हणून प्रत्येक दाव्यामागे तुलनात्मक चाचणी आहे का, हे विचारण्याचा रुग्णांना हक्क आहे आणि त्याचं सरळ उत्तर देणं हे व्यावसायिकांचं कर्तव्य आहे.