वळा, पण चेंडू पायाशी ठेवून!



मागच्या महिन्यात कार्यशाळेसाठी कोल्हापूरला गेलो होतो. पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ असलेलं हे शहर. सकाळी फिरायला निघालो तर एका मैदानावर दहा-बारा वर्षांची पोरं सराव करत होती. एका पोराकडे पास आला. त्याची पाठ गोलकडे होती आणि मागे बचाव करणारा दुसरा पोरगा उभा होता. ह्यानं चेंडू घेतला, गर्रकन वळला आणि थेट त्या पोराच्या अंगावर गेला. चेंडू गेला. कोच बाहेरून ओरडले, "आरं, आधी मागं बघ की! मग वळ!"

त्याच दुपारी कार्यशाळेत एका ताईंनी विचारलं, "सर, डब्यांचा धंदा बंद करून कपड्यांचं दुकान टाकायचं म्हणते. मैत्रिणीचं जोरात चाललंय. सोनं गहाण ठेवायचं ठरलंय. करू ना?"

मला सकाळचा पोरगाच आठवला.

माझं स्पष्ट मत सांगतो. धंदा अडला की 'दिशा बदला' असं सगळेच सांगतात, पण वळायचं कसं हे कुणी शिकवत नाही. आपल्याला वाटतं वळायला हिंमत लागते. हिंमत लागतेच, पण त्याआधी सराव लागतो. हे फुटबॉलच्या मैदानावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

फुटबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं वळण घ्या. १९ जून १९७४, जर्मनीतलं डॉर्टमुंड, वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्स विरुद्ध स्वीडन. योहान क्रायफ डाव्या बाजूला चेंडू घेऊन उभा, पाठ गोलकडे, आणि स्वीडनचा यान ओल्सन त्याला चिकटलेला. क्रायफनं उजव्या पायानं पास देतोय असं दाखवलं. ओल्सन त्या बाजूला झुकला. क्रायफनं त्याच पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू स्वतःच्या डाव्या पायामागून ओढला, उलटा वळला आणि सुटला. आज जगभरातली पोरं हे 'क्रायफ टर्न' म्हणून शिकतात.

आता गंमत बघा. त्या वळणावर गोल झाला नाही. सामना ०-० सुटला. म्हणजे वळलं की यश मिळालंच, असं मैदानावरही नसतं. वळण फक्त मोकळी जागा मिळवून देतं. पुढचं काम तुम्हालाच करायचं असतं.

चांगला कोच वळायला शिकवतो तेव्हा त्यात चार गोष्टी असतात.

१. चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे बघणं. चेंडू पायात आल्यावर नाही, आधी. जागा कुठे आहे, माणूस कुठे आहे, हे तेव्हाच कळलं पाहिजे. आपण काय करतो? गिऱ्हाईक तुटल्यावर, भाडं थकल्यावर मान वळवतो. तेव्हा उशीर झालेला असतो. धंदा बरा चाललेला असतानाच महिन्यातून एकदा वही उघडा. कुठला माल पडून आहे, कोण गिऱ्हाईक यायचं थांबलं, उधारी कुणाकडे अडकली, हे बघा.

२. अर्धं वळून चेंडू घेणं. पूर्ण पाठ करून उभं राहिलं तर एकच बाजू दिसते. थोडं तिरकं उभं राहिलं तर दोन्ही बाजू दिसतात, आणि पहिल्या स्पर्शातच दिशा बदलता येते. धंद्यात याचा अर्थ असा की जुनं चालू ठेवून नव्याची छोटी चाचणी घ्यायची.

३. साथीदाराची हाक ऐकणं. तुमच्या पाठीमागचं तुमच्यापेक्षा तुमच्या साथीदाराला चांगलं दिसतं. मागे जागा असेल तर तो ओरडतो, 'टर्न!' कुणी अंगावर येत असेल तर ओरडतो, 'मॅन ऑन!' अशा वेळी हट्टानं वळायचं नसतं. चेंडू मागे देऊन पुन्हा मोकळं व्हायचं असतं. तुमचा हिशेब बघणारा, माल देणारा व्यापारी, घरचं माणूस, ह्यांच्यापैकी कुणी 'मॅन ऑन' म्हणत असेल तर एक आठवडा थांबा. थांबणं म्हणजे हरणं नाही.

४. वळल्यावर वेग. वळून तिथेच रेंगाळलात तर मागचा माणूस पुन्हा गाठतो. चाचणी जमली की पुढचं पाऊल लगेच टाका.

आणि सराव? आधी हळू, समोर कुणी नसताना, फक्त एका कोनभोवती. उजव्या पायानं, मग डाव्या पायानंही. नंतर समोर नुसता उभा राहणारा माणूस. शेवटी खरोखर चेंडू काढून घेणारा. पहिल्याच दिवशी शेवटच्या पायरीवर कुणी जात नाही. आपण मात्र सोनं गहाण ठेवून थेट तिथेच उडी मारतो.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझं पहिलं दुकान झेरॉक्स आणि स्टेशनरीचं होतं. शेजारच्या गाळ्यात मोबाईल कव्हरची गर्दी बघितली आणि अख्खं दुकान तिकडे वळवलं. वह्या-पेन घ्यायला येणारी शाळेची पोरं तुटली. कव्हरचे मॉडेल दर दोन महिन्यांनी बदलत होते, माझा माल तसाच पडून. मी वळलो होतो खरा, पण चेंडू मागेच राहिला होता. माझा चेंडू म्हणजे ती शाळेची पोरं.

खुद्द क्रायफचंही हेच झालं. १९७८ मध्ये, एकतिशीत, त्यानं खेळणं थांबवलं आणि पैसा धंद्यात घातला, त्यातला बराचसा डुक्करपालनात. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं. पैसा बुडाला. मैदानावर जो माणूस बघितल्याशिवाय कधी वळला नाही, तो मैदानाबाहेर न बघता वळला. मग काय केलं? १९७९ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संघातून पुन्हा खेळायला लागला. जे येत होतं, तिथे परतला. पुढे हॉलंडला येऊन आयाक्सकडून दोनदा लीग जिंकली आणि १९८४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, फेयनूर्डकडून लीग आणि कप दोन्ही जिंकले.

"मग सर, धंदा कधी बदलायचाच नाही का?" बदलायचा ना! मागणीच संपली असेल तर चिकटून बसण्यात अर्थ नाही. पण निघताना पायाशी काहीतरी असू द्या. हातातली कला, ओळखीचं गिऱ्हाईक, माल देणाऱ्याचा विश्वास, यातलं एक तरी.

त्या ताईंना मी एवढंच विचारलं, "तुमच्या डब्याची किती घरं आहेत?" म्हणाल्या, "बावीस." म्हटलं, "ही बावीस घरं तुमचा चेंडू. सोनं कपाटात ठेवा. या घरांना डब्यासोबत अजून काय देता येईल, ते महिनाभर विचारून बघा. कपडे हवे असतील तर दहा कुर्ते आणून त्याच घरांत दाखवा. विकले गेले तर पुढचं बोलू."

तुम्हालाही गृहपाठ तोच. आज रात्री वहीत एक ओळ लिहा, 'माझा चेंडू कुठला?' उत्तर सापडत नसेल तर अजून वळू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!